बिलावरची वेळ आणि मस्टरवरची वेळ

हॉटेलात काम करणारा कोणी मुलगा पगाराची स्लिप घेऊन आला आणि त्यावर ओटीचा, म्हणजे ओव्हरटाइमचा, रकाना कोरा दिसला की मी त्याला आधी विचारते, "काल शेवटचं बिल किती वाजता निघालं?" वेळ त्याला पाठ असते. साडेबारा, कधी पाऊण. मग विचारते, "आणि मस्टरवर सुटायची वेळ काय टाकली आहे?" ती बहुतेक वेळा अकरा असते. मधल्या दीड तासात त्याने टेबलं पुसलेली असतात, खुर्च्या उलट्या करून ठेवलेल्या असतात, शेवटच्या पार्टीच्या ग्लासांची वाट बघत भिंतीला टेकून उभं राहणंही झालेलं असतं. कागदावर मात्र तो घरी गेलेला असतो.

मी काउंटरवर बसते. बिल काढणं, कार्ड मशीन, दिवसाचा गल्ला जुळवणं हे माझं काम. आता दादरला आहे, त्याआधी लोअर परळच्या एका जुन्या गिरणीच्या आवारातल्या मोठ्या रेस्टॉरंटमध्ये होते. मुलं मला ताई म्हणतात. कोकणातली आहेत, बीड-लातूरकडची आहेत, नेपाळ आणि ओडिशाहून आलेली आहेत. हिशेबाचं काही अडलं की ती काउंटरपाशी येतात, कारण आकड्यांशी रोज भांडणारी मीच. या पोस्टमध्ये आहे ते त्यांना तोंडी सांगून झालेलं आहे. आता लिहूनच ठेवते, म्हणजे फोनवरून पुढे पाठवता येईल.

हॉटेलात ब्रेक शिफ्ट नावाचा प्रकार असतो. सकाळी अकराला या, चारला सुटा, साडेसहाला परत या, साडेबाराला निघा. मधल्या अडीच तासांत विरारचा किंवा कल्याणचा मुलगा घरी जाऊन येऊ शकत नाही. तो स्टोअररूममध्ये तांदळाच्या गोण्यांवर आडवा होतो. कामाचे तास मोजले तर पाच आणि सहा, म्हणजे अकरा. पण सकाळी ड्युटीवर चढल्यापासून रात्री उतरेपर्यंतचा काळ साडेतेरा तास. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापनांचा २०१७ चा कायदा या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या मोजतो. २०२५ पर्यंतचे नियम असे होते (त्यातले काही बदलले, ते पुढे येईल): दिवसाला नऊ तास काम, आठवड्याला अठ्ठेचाळीस, सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, आणि विश्रांती धरून दिवसाचा सगळा पसारा साडेदहा तासांच्या आत. काम तातडीचं किंवा अधूनमधून करायचं असेल तर हा पसारा बारापर्यंत ताणता यायचा. साडेतेरा कशातच बसत नाही. ब्रेक शिफ्ट ही हॉटेल लाइनची रीतच आहे असं मॅनेजर सांगतात. रीत असेल, पण कायद्याने तिच्यासाठी वेगळी खिडकी ठेवलेली नाही.

आता पैसे. दिवसाच्या मर्यादेच्या (आधी नऊ तास, आता दहा) वर किंवा आठवड्याच्या अठ्ठेचाळीस तासांच्या वर काम करून घेतलं तर त्या वेळेचा दर दुप्पट. यातला "किंवा" फार महत्त्वाचा आहे आणि बहुतेक मुलांच्या तो लक्षात येत नाही. समजा पगार अठरा हजार, आठवड्याचे सहा दिवस, रोज अकरा तास. मालक फार तर कबूल करतो की रोजचा एक तास जास्त झाला, म्हणजे महिन्याच्या २६ दिवसांत २६ तास. पण आठवड्याची बेरीज करा. अकरा सक ६६. त्यातून ४८ वजा केले की आठवड्याला १८ तास जास्त, आणि २६ दिवसांच्या महिन्याला ७८. अठरा हजार भागिले २६ भागिले ८ केलं की तासाचे साधारण साडेशहाऐंशी रुपये होतात, दुप्पट १७३. असे ७८ तास म्हणजे महिन्याला साडेतेरा हजार रुपये. अठरा हजारांच्या पगारावर साडेतेरा हजार! हे मी पहिल्यांदा एका स्टुअर्डला, म्हणजे वाढणाऱ्या मुलाला, कागदावर करून दाखवलं तेव्हा त्याने कागद उलटा केला, मागे काही आहे का बघितलं, आणि म्हणाला, "ताई, तुम्ही शून्य जास्त टाकलंय."

टाकलं नव्हतं. त्याला दिवाळीला पंधराशे रुपये आणि मिठाईचा डबा मिळाला होता, आणि तोच ओटी आहे असं त्याला सांगितलं गेलं होतं.

शिवाय जास्तीच्या तासांनाही मर्यादा आहे: २०२५ पर्यंत ती तीन महिन्यांत १२५ होती. वरच्या हिशेबाने तीन महिन्यांचे २३४ होतात. म्हणजे दुप्पट पैसे दिले तरीही इतकं राबवून घेता येत नव्हतं. ही मर्यादा माणसाच्या शरीरासाठी आहे. रात्री एकला सुटलेला मुलगा शेवटची गाडी चुकली की डायनिंगच्या जमिनीवर झोपतो आणि सकाळी दहाला त्याच जागेवर फडका मारतो. त्याचे पाय सुजतात. दुसऱ्या कोणी सांगायची गरज नाही, काउंटरच्या उंचीवरून मला ते दिसतात.

पैसे बुडवायच्या पद्धती ठरलेल्या आहेत. पहिली पंचिंगची. अकराला सगळ्यांना अंगठा लावून यायला सांगायचं आणि मग क्लोजिंगला, म्हणजे हॉटेल बंद करतानाच्या आवराआवरीला, उभं करायचं. मी मॅनेजरना हे विचारलं होतं. ते म्हणाले, "ताई, क्लोजिंग ही ड्युटी नसते, ती जबाबदारी असते." मी म्हटलं, "मग सर, ती न करता गेला तर चालेल का?" ते गप्प बसले. चालणार नव्हतं हे दोघांनाही माहीत होतं. ज्या वेळी तुम्हाला उठून जाता येत नाही, ती वेळ कामाचीच.

दुसरी पद्धत पदाची. मुलाला शिफ्ट इनचार्ज नाहीतर सीनियर असोसिएट करायचं, हजार रुपये वाढवायचे आणि सांगायचं की आता तू मॅनेजमेंटमध्ये, तुला ओटी नाही. व्यवस्थापकीय, देखरेखीच्या आणि गोपनीय कामावरच्या माणसाला हा कायदा लागू नाही हे खरं. पण अशा माणसांची यादी मालकाने वेबसाइटवर किंवा आस्थापनेत सगळ्यांना दिसेल अशी लावायची असते आणि तिची प्रत सरकारकडेही द्यायची असते. मी अजून कुठल्याच हॉटेलात ती लावलेली पाहिलेली नाही. आणि जो माणूस स्वतः ताटं उचलतो, कोणाची रजा मंजूर करू शकत नाही, कोणाला कामावर घेऊ शकत नाही, तो बिल्ल्यावर काय लिहिलंय त्याने मॅनेजर होत नाही.

तिसरी पद्धत बोलीची. "तुझ्याशी अठरा हजार सगळं धरून ठरलं होतं." असं ठरवता येत नाही. कायद्याने दिलेला दुप्पट दर तोंडी किंवा लेखी करार करून सोडून देता येत नाही, मुलाने सही केली असली तरी. चौथी म्हणजे बेसिक पाच हजार दाखवून बाकी सगळं भत्त्यांत घालायचं, म्हणजे दुप्पट करायची वेळ आलीच तर ती पाच हजारांची व्हावी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या वेतन संहितेने हे बऱ्यापैकी बंद केलं आहे. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच मोजायचा आहे.

आता माझ्या कामातली गोष्ट, जिच्यासाठी मुख्यतः लिहायला बसले. मस्टर मालकाच्या हातात असतं, पण बिल सगळ्यांसमोर निघतं. प्रत्येक केओटीवर (किचनला जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर) आणि प्रत्येक बिलावर वेळ छापलेली असते आणि ऑर्डर घेणाऱ्याचं नाव किंवा नंबरही असतो. मस्टर म्हणतं की मुलगा अकराला गेला, आणि बिल म्हणतं की त्याच मुलाने बारा वाजून दहा मिनिटांनी चौदा नंबर टेबलला दोन कॉफी आणि एक कॅरमल कस्टर्ड दिलं. दोन्ही कागद एकाच मालकाचे. त्यातला एक खोटा आहे, आणि बिल खोटं म्हणायची सोय त्याला नाही, कारण त्यावर जीएसटी भरलेला असतो.

म्हणून मी सांगते की स्वतःची वही ठेवा. रोज आलो किती, गेलो किती, शेवटचं टेबल कुठलं, एवढंच. ग्रुपवर येणारा ड्युटी चार्ट पुसू नका, "आज थांबावं लागेल" असा मॅनेजरचा मेसेज पुसू नका. गिऱ्हाइकाची बिलं घरी न्यायची नाहीत, त्याची गरजही नाही. तक्रार झाली की ती मालकाकडून मागवता येतात, फक्त कुठल्या तारखेची मागायची ते तुमच्या वहीत हवं. वेतन संहितेत एक कलम आहे, ५९ वं. पैसे दिले नाहीत किंवा कमी दिले अशी तक्रार झाली तर ते दिले हे सिद्ध करायचं ओझं मालकावर. दावा करायला आता तीन वर्षांची मुदत आहे, पूर्वी वेतन प्रदान कायद्याखाली बारा महिनेच मिळायचे. नोकरी सोडली की मागच्या पगारावर पाणी सोडायची सवय मुलांना लागलेली आहे, ती मोडली पाहिजे. सोडल्यावर किंवा काढल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत सगळे पैसे हातात पडायला हवेत.

टिपकडे येते, कारण गिऱ्हाइकांचं मन चांगलं असतं आणि त्या चांगुलपणाचं पुढे काय होतं ते त्यांना दिसत नाही.

रोख टिप डब्यात जाते आणि आठवड्याने किंवा महिन्याने पॉइंटवर वाटली जाते. कॅप्टनला इतके पॉइंट, स्टुअर्डला इतके, किचनला इतके. ही पद्धत मला वाईट वाटत नाही, कारण चांगलं जेवण नुसत्या वाढणाऱ्यामुळे होत नाही. आमच्याकडे भांडी घासायला एक मामा होते, साताऱ्याकडचे. हाताची कातडी कायम पांढरी पडलेली. पॉइंट सिस्टीम होती म्हणून तर त्यांना चार पैसे मिळायचे, गिऱ्हाईक त्यांना कधी बघणार? पण पॉइंट कोणाला किती आहेत, डब्यात एकूण किती जमले, हे भिंतीवर लागलं पाहिजे. ते लागत नाही. आणि मॅनेजरने स्वतःला सगळ्यात जास्त पॉइंट लावून घेतले तर विचारायचं कोणी?

कार्डवरची आणि यूपीआयवरची टिप थेट मालकाच्या खात्यात जाते. आता गिऱ्हाइकांकडे रोख नसतेच, त्यामुळे टिपचा मोठा भाग याच वाटेने जातो. या पैशाबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २०१६ चा एक निकाल प्रत्येक वेटरला माहीत असायला हवा. आयटीसी विरुद्ध प्राप्तिकर खातं असा तो खटला होता. कार्डने आलेली टिप हॉटेलने कर्मचाऱ्यांना वाटली तर ती पगार धरून हॉटेलने टीडीएस कापायचा का, हा वाद होता. दिल्ली उच्च न्यायालयाने तो पगार मानला होता. सर्वोच्च न्यायालयाने नाही म्हटलं. हा पैसा गिऱ्हाईक देतं, हॉटेल देत नाही. हॉटेलच्या हातात तो केवळ विश्वस्त म्हणून येतो, पुढे कर्मचाऱ्यांना पोहोचवण्यासाठी. निकाल कराचा आहे, मान्य. मुलाला त्या टिपवर स्वतः कर भरावा लागू शकतो हेही त्यातून निघतं. पण मला त्यातलं विश्वस्तपण महत्त्वाचं वाटतं. विश्वस्ताने पैसा खिशात घातला तर त्याला काय म्हणतात ते आपल्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही.

यातून दुसरी गोष्ट निघते. टिप मालकाने दिलेला पगार नाही, म्हणून ती किमान वेतनात धरता येत नाही. "तुला टिप मिळते ना, मग पगार कमीच राहणार" हे वाक्य आपल्या कायद्यात कुठेही बसत नाही. अमेरिकेत बसतं. माझी मावसबहीण न्यू जर्सीला असते, तिच्या मुलीने कॉलेजात असताना तिथे टेबलं लावली, तेव्हा तिच्याकडून हे कळलं. तिथल्या केंद्रीय कायद्यात टिप घेणाऱ्याला मालकाने तासाला फक्त २.१३ डॉलर द्यायचे, उरलेलं टिपमधून भरून आलं नाही तर फरक मालकाने द्यायचा. हा २.१३ चा आकडा १९९१ पासून हललेला नाही. ओव्हरटाइमही तिथे आठवड्याच्या चाळीस तासांनंतर दीडपट, आपल्यासारखा दुप्पट नाही. पण टिपला मालकाने किंवा मॅनेजरने हात लावायचा नाही हे २०१८ पासून तिथल्या कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. ब्रिटनमध्येही १ ऑक्टोबर २०२४ पासून टिप पूर्णपणे कामगारांना द्यायची आणि तिच्या वाटपाचा लेखी नियम ठेवायचा असा कायदा लागू झाला. आपल्याकडे ओव्हरटाइमचा कायदा त्यांच्याहून चांगला, आणि टिपचा स्वतंत्र कायदाच नाही. तो हवा. दोन ओळींचा असला तरी चालेल: टिप कामगारांची, हिशेब भिंतीवर.

सर्व्हिस चार्जबद्दल गिऱ्हाइकांच्या डोक्यात गोंधळ आहे. बिलात दहा टक्के लागलेले बघून लोक टिप ठेवत नाहीत, आणि त्यांना वाटतं की वाढणाऱ्याला त्याचं मिळालं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या की हा चार्ज आपोआप लावायचा नाही आणि दुसऱ्या नावानेही वसूल करायचा नाही. हॉटेल संघटना त्याविरुद्ध कोर्टात गेल्या, आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने सूचना योग्य ठरवल्या. संघटनांचं म्हणणं होतं की हा पैसा कर्मचाऱ्यांत वाटला जातो. काही ठिकाणी खरंच वाटला जायचा, नाही म्हणत नाही. पण मी गल्ला जुळवलेल्या एका ठिकाणी त्यातून आधी फुटलेल्या काचेचे पैसे वजा व्हायचे, मग गिऱ्हाईक बिल न भरता पळालं तर त्याचे, मग युनिफॉर्मच्या धुलाईचे, आणि उरलेलं मुलांना. कामगाराचे पैसे कापण्याचे नियम कडक आहेत. नुकसान त्याच्या निष्काळजीपणामुळे झालं असेल तरच कपात, तीही त्याला बाजू मांडायची संधी देऊन, आणि दंड वेतनाच्या तीन टक्क्यांपर्यंतच. पळून गेलेल्या गिऱ्हाइकाचं बिल वेटरच्या माथी मारणं कशात बसतं हे मला कोणी दाखवून द्यावं.

लग्नसराईत बँक्वेटला तासांवर किंवा फंक्शनवर येणाऱ्या मुलांचं तर विचारू नका. सप्लायर त्यांना आणतो, दुपारी दोनला उभं करतो, वरात उशिरा आली की पहाटे तीनला सोडतो, आणि पैसे फंक्शनचे म्हणून ठरलेले तेवढेच. त्यांना वाटतं कायदा पक्क्या नोकरीवाल्यांचा. तसं नाही. कंत्राटदाराने पैसे दिले नाहीत तर ज्याच्या जागेत काम केलं त्याच्यावर जबाबदारी येते.

आता राज्य सरकारने २०२५ च्या सप्टेंबरात मंजूर केलेल्या बदलांबद्दल मला राग आहे तो लिहिते. दिवसाचे नऊचे दहा तास, तीन महिन्यांतल्या जास्तीच्या तासांची मर्यादा १२५ ऐवजी १४४, आणि कायदा दहाऐवजी वीस माणसांच्या आस्थापनांपासून. सांगितलं गेलं की जास्त तास म्हणजे जास्त ओटी, कामगाराचाच फायदा. ज्यांना आजवर एक तासाचाही ओटी मिळाला नाही, त्यांना हा फायदा कसला? दहावा तास जो आधी दुप्पट होता तो आता साधा होतो. मुंबईतली निम्मी उडपी आणि मालवणी हॉटेलं मला बघून माहीत आहेत, तिथे बारा-पंधरा माणसांवर सगळं चालतं. ती माणसं आता या कायद्याच्या बाहेर. वेतन संहिता माणसांच्या आकड्यावर अवलंबून नाही, किमान वेतन आणि दुप्पट दराचा तिचा हक्क त्यांना आहे, एवढाच धीर मी त्यांना देऊ शकते. ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरात सरकारचा एक आदेश रद्द केला होता, ज्यात कोरोनाचं कारण देऊन कारखान्यांत बारा तासांच्या पाळीला मुभा आणि दुप्पट दराला सुट्टी दिली होती. साथीच्या काळातही जो हक्क काढता आला नाही, तो व्यवसाय सुलभतेच्या नावाने पातळ करायचा?

जिथे मी बसायचे त्या गिरणी आवाराच्या भिंती अजून तशाच आहेत, आत फक्त दिवे बदललेत. नारायण मेघाजी लोखंड्यांनी याच भागातल्या गिरणी कामगारांसाठी भांडून १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळवली. आज त्याच जागेत रविवार हा सगळ्यात गर्दीचा दिवस, हरकत नाही, सुट्टी मंगळवारी द्या. पण द्या. सणाच्या आठवड्यात ती रद्द केली तर बदली सुट्टी दोन महिन्यांच्या आत द्यायची आहे, आणि ती मागणाऱ्याला "तुला कामाची गरज नाही वाटतं" हे ऐकवायचं नाही. (बायकांसाठी एक सांगते. रात्री साडेनऊनंतर आपल्याला थांबवायचं तर आपली संमती लागते आणि घराच्या दारापर्यंत सोडायची व्यवस्था मालकाने करायची असते. मी ती मागून घेतली. तुम्हीही मागा.)

तक्रार करायची झाली तर कामगार आयुक्तांचं कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात कामगार भवनात आहे. एकट्याने जायला भीती वाटते हे खरं आहे, मुंबईत खोली मालकाने दिलेली असते आणि नोकरी गेली की त्याच रात्री खोली जाते. म्हणून तिघं-चौघं मिळून जा, जमलं तर युनियनचं माणूस बरोबर घ्या. आधी हिशेब कागदावर करा: तारीख, तास, दर, बेरीज. तोंडी रागावलेल्या माणसाला "नंतर या" सांगणं सोपं असतं, बेरीज घेऊन आलेल्याला तेवढं सोपं नसतं.

आणि गिऱ्हाईक म्हणून हे वाचत असाल तर पुढच्या वेळी यूपीआयवर टिप टाकायच्या आधी वाढणाऱ्याला हळूच विचारा, "हे तुम्हाला मिळतं का?" मिळत नसेल तर रोख त्याच्या हातात द्या, आणि काउंटरवर आम्हालाही विचारा. गिऱ्हाइकाने विचारलेलं मॅनेजरच्या कानावर जातं, आमचं नाही.

ज्यांना आपला हिशेब करून हवा आहे त्यांनी स्लिपचा फोटो आणि एका आठवड्याच्या खऱ्या वेळा पाठवा. हॉटेलचं नाव झाकून पाठवा. मला ते नको, आकडे पुरे आहेत.